वाळत घातलेले कपडे काढायचे का?

वाचकांचे प्रश्न : इमारत आणि कॅमेरा

मागच्या अंकात पुण्यातल्या हौसिंग बोर्डाच्या जुन्या वसाहतींवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत फोटोंविषयीचे प्रश्न इतके आहेत की या वेळची सगळी जागा त्यांनाच देते.

प्रश्न : ताई, मी वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहे. डॉक्युमेंटेशनसाठी आमच्या गटाने हौसिंग बोर्डाची एक जुनी वसाहत घेतली आहे. सरांचं म्हणणं, फोटोत माणसं, कपडे, स्कूटर, डिश अँटेना काही नको, इमारत वाचता आली पाहिजे. म्हणून आम्ही पहाटे गेलो, दोऱ्या रिकाम्या असताना फोटो काढले. फोटो सुंदर आलेत, पण मला ते खोटे वाटतात. कपड्यांसकट काढू का? — एक विद्यार्थिनी, धनकवडी

उत्तर : दोन्ही काढ आणि दोन्ही शेजारी शेजारी लाव.

तुझ्या सरांचा मुद्दा मला मान्य आहे. रिकाम्या इमारतीचा फोटो वाचायला सोपा जातो. दोन खिडक्यांमधलं अंतर किती, छज्ज्याची सावली कुठवर उतरते, जिना पोटात घेतलाय की बाहेर काढलाय, हे पहाटेच्या तिरप्या उजेडात स्वच्छ कळतं. या पद्धतीमागे मोठी परंपरा आहे. ल्युसियाँ हर्वे हा मूळचा हंगेरीचा फोटोग्राफर. 1949 साली तो फ्रान्समधल्या मार्से शहरात गेला. तिथे ल कॉर्ब्युझिए या आधुनिक वास्तुकाराच्या मोठ्या गृहसंकुलाचं बांधकाम चालू होतं. हर्वेने एका दिवसात 650 फोटो काढले आणि कॉर्ब्युझिएला पाठवून दिले. त्यावर, तुमच्यात वास्तुकाराचा आत्मा आहे, अशा अर्थाचं उत्तर आलं. पुढे कॉर्ब्युझिए 1965 साली गेला तोवर हर्वेच त्याच्या इमारती टिपत राहिला. आपल्याकडचं चंडीगड आणि अहमदाबादही त्यात आलं. हर्वेच्या फोटोत इमारत पूर्ण अशी क्वचितच असते. काँक्रीटचा एखादा कोपरा, त्यावर धारदार सावली, एवढंच. ते फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला पुण्याच्या रस्त्यांवरही बरेच दिवस सावल्याच दिसत होत्या.

पण ज्या काँक्रीटच्या पडद्यांची ती सावली आहे, त्या पडद्या फोटोसाठी बांधलेल्या नव्हत्या. उन्हाळ्याचं वरून येणारं ऊन अडावं आणि हिवाळ्याचं तिरपं ऊन घरात यावं, यासाठी त्यांची खोली ठरवली होती. युद्धात फ्रान्समध्ये घरं गेलेली कुटुंबं होती, त्यांच्या निवाऱ्याच्या प्रश्नातून ही 337 घरांची इमारत उभी राहिली. मधल्या मजल्यावर दुकानांचा रस्ता, गच्चीवर बालवाडी आणि मुलांना डुंबायला उथळ हौद. फोटोत सावली उरली आणि हौदातली मुलं बाहेर राहिली, तर जिच्यासाठी एवढा खटाटोप झाला ती गोष्टच निसटते.

म्हणून ट्रायपॉड उघडण्याआधी मी एक गोष्ट शोधते : या इमारतीने कोणाला काय कबूल केलं होतं? तुझ्या वसाहतीचं उत्तर अवघड नाही. वाड्यातल्या एका खोलीत, सामायिक नळावर आणि सामायिक संडासावर राहणाऱ्या कुटुंबाला दोन खोल्या, स्वतःचा नळ, स्वतःची मोरी, समोरासमोर खिडक्या म्हणजे वारा, आणि दोन इमारतींच्या मध्ये मुलांना खेळायला मोकळी जागा. एवढं एका ओळीत लिहून काढ आणि मग दोरीकडे बघ.

दोरी कुठे बांधली आहे? गॅलरीच्या आत की बाहेर लोखंडी पट्ट्या ठोकून? साडी पूर्ण उलगडून वाळते की चौपदरी घालावी लागते? कोणत्या मजल्यावर कपडे लवकर वाळतात, कोणत्या मजल्यावर पावसाळ्यात घरातच पंख्याखाली घालावे लागतात? नकाशा काढणाऱ्याने गॅलरी दाखवली, पण चार माणसांचे कपडे कुठे वाळतील याचा विचार केला होता का? या प्रश्नांची उत्तरं त्या दोरीत आहेत, आणि ती नकाशात सापडणार नाहीत. ज्या इमारतीत दक्षिणेच्या गॅलऱ्या कपड्यांनी भरलेल्या आणि उत्तरेच्या रिकाम्या दिसतात, तिथे ऊन कुठे येतं हे सांगायला वेगळा तक्ता लागत नाही. मग कपडे कचरा कसे?

मात्र माणसं आली की फोटो खरा झाला, असंही धरून चालू नकोस. लॉस एंजेलिसच्या डोंगरकड्यावरचं काचेचं घर तू नक्की पाहिलं असशील : खाली शहराचे दिवे, वर काचेच्या कोपऱ्यात दोन बायका गप्पा मारत बसलेल्या. पियेर कोनिगचं घर, ज्युलियस शुलमनचा फोटो, साल 1960. शुलमनने आधी शहराच्या दिव्यांसाठी सुमारे सात मिनिटं शटर उघडं ठेवलं आणि नंतर फ्लॅशबल्ब उडवून आतल्या बायका टिपल्या. घर तेव्हा पुरतं लागलेलंही नव्हतं. तंत्र म्हणून ते काम थोर आहे. पण हे घर ज्या उपक्रमातलं, तो एका मासिकाने 1945 साली सुरू केला होता तो युद्धानंतरच्या सामान्य कुटुंबांना कमी खर्चात, पुन्हा पुन्हा बांधता येतील असे घरांचे नमुने मिळावेत म्हणून. फोटो जगभर गेला आणि लोकांच्या मनात उरलं ते श्रीमंतीचं स्वप्न. माणसं फोटोत होती, उपक्रमाचा हेतू मात्र नव्हता.

दोन उदाहरणं वाचून ठेव, परीक्षकांनी विचारलं तर उपयोगी पडतील. फ्रान्समध्येच बोर्दोजवळ पेसाक इथे कॉर्ब्युझिएने 1926 साली कामगारांसाठी सुमारे पन्नास घरं बांधली. राहणाऱ्यांनी लांबच लांब खिडक्या बुजवून लहान केल्या, सपाट गच्च्यांवर उतरती छपरं चढवली. अनेक वर्षं ही वास्तुकाराची फजिती म्हणून सांगितली गेली. दुसरं उदाहरण आपल्या गावच्या माणसाचं. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म 1927चा, पुण्यातला, आणि घरात फर्निचरचा व्यवसाय. 1973 साली अहमदाबादेत त्यांनी आयुर्विमा महामंडळासाठी घरं केली. कुटुंब वाढेल तशी खोली वाढवता यावी, गच्ची आत घेता यावी, अशी सोय त्यांनी मुळातच ठेवली होती. पुढे लोकांनी जिने झाकले, खोल्या चढवल्या, रंग बदलले. दोशींना त्याचा आनंद होता. पेसाकला आणि अहमदाबादला लोकांनी एकच गोष्ट केली. दोशींनी ती आधी ओळखली होती, आणि मला त्यांची बाजू जास्त पटते.

आता काम. जमिनीवर खडूने ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा कर. त्याच जागेवरून, त्याच लेन्सने पहाटे एक, अकरा वाजता कपडे बाहेर आल्यावर एक आणि दिवेलागणीला एक. चौथा फोटो घरातून बाहेरचा घे, कोणी आत बोलावलं तर. बोलावतात. चहा नाकारू नकोस.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. इमारतीचा फोटो काढला की ती मागे कललेली दिसते. मोठा कॅमेरा घ्यावाच लागेल का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : नाही. फोन वर उचलून वरचा मजला गाठायला गेलं की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. फोन अगदी सरळ उभा धरा, स्क्रीनवरच्या जाळीच्या रेषा चालू ठेवा आणि इमारतीचा कोपरा त्या रेषेला लावून बघा. वरचा मजला कापला जात असेल तर मागे जा. जागा नसेल तर समोरच्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर चढा. तिथून जमीनही कमी येते आणि गच्चीही सापडते. जुने लोक भात्याचा कॅमेरा वापरत, त्यात लेन्स तेवढी वर सरकवता येत असे आणि फिल्म जागची हलत नसे. आजच्या शिफ्ट लेन्स तेच करतात, पण फार महाग आहेत. फोनमधल्या एडिटिंगमध्येही रेषा सरळ होतात. फक्त पार ताणून सरळ करू नका, इमारत उंच आणि कृश दिसायला लागते.

फोनमधली अल्ट्रावाइड, म्हणजे सर्वांत रुंद दाखवणारी लेन्स टाळा. दहा फुटांची खोली त्यात हॉल दिसते, आणि छोट्या घराची कहाणी सांगताना त्याचा छोटेपणा लपवणं बरोबर नाही.

प्रश्न : आमचं कुटुंब पानशेतच्या पुरानंतर गोखलेनगरला आलं. आता आमच्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. मुलगा म्हणतो, पाडण्याआधी फोटो काढून ठेवू. पण ही घरं अगदी साधी आहेत, नक्षी नाही, कमान नाही. यात टिपण्यासारखं काय आहे? — एक सेवानिवृत्त वाचक, गोखलेनगर

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण मी स्वतः सहकारनगरला पूरग्रस्तांच्या घरात वाढले. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे बसले. त्यानंतर जी घरं उभी राहिली ती घाईत, थोड्या पैशात, एकाच मापात. त्यांचं साधेपण हेच टिपायचं आहे. पेठेतला भाडेकरू आणि पेठेतला मालक इथे सारख्या मापाच्या घरात आले. ही या शहरातली लहान गोष्ट नव्हती, आणि तिचे फोटो फार कमी घरांत आहेत.

सुरुवात बाहेरून करू नका, दारातून करा. उंबऱ्याशी उभं राहून आत एक फोटो आणि तिथेच वळून बाहेर एक. मग खिडकी : गज आडवे आहेत की उभे, कट्टा किती उंच, त्यावर कोण बसायचं. सिमेंटची जाळी कुठे असेल तर ती दोनदा काढा, एकदा जाळीचाच फोटो आणि एकदा तिच्यातून फरशीवर पडलेल्या उन्हाचा. शहाबादी फरशी जिथे झिजलीय ती जागा. मोरी. मोरीचे फोटो कोणी काढत नाही आणि पन्नास वर्षांनी लोकांना तेच बघायचं असतं. माळ्यावर चढायची शिडी किंवा भिंतीतल्या खुंट्या. मागे वाढवलेली पत्र्याची खोली, कोणत्या साली वाढवली ते विचारून. आमच्या घरात बाबांनी ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे केले होते. घर गेलं, त्या कप्प्यांचा एकही फोटो नाही, आणि आई अजून त्यांच्याविषयी बोलते.

ओट्याचा फोटो काढाल तेव्हा एक गोष्ट सांगते. 1926 साली फ्रँकफुर्टमध्ये मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईने स्वस्त सरकारी घरांसाठी 1.9 मीटर बाय 3.4 मीटरचं स्वयंपाकघर आखलं. बाईची पावलं वाचावीत, तिला घराबाहेरच्या आयुष्यासाठी वेळ उरावा, हा हेतू. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं त्या शहरात बसली. त्यात एकाच माणसाला काम करता यायचं आणि घरच्या बाईला त्या खोलीने एकटं पाडलं, ही टीकाही नंतर झाली आणि ती रास्त आहे. तुमच्या घरात पाटावर बसून होणारा स्वयंपाक उभ्याने कधी होऊ लागला? ओटा किती उंच बांधला, कोणाच्या उंचीने ठरवला? काकूंना विचारा आणि उत्तर फोटोमागे लिहून ठेवा.

बाहेरचे फोटो ढगाळ दिवशी काढले तरी चालतात, किंबहुना चांगले येतात. बेर्न्ट आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे यांचे फोटो आयुष्यभर मुद्दाम ढगाळ आभाळाखाली, समोरून, सारख्या चौकटीत काढले. कडक सावली नसली की एक घर दुसऱ्या घराशी ताडून पाहता येतं. तुमच्या ओळीतली सगळी घरं तसंच समोरून, एकाच अंतरावरून घ्या. मूळचं माप एक आणि साठ वर्षांत प्रत्येकाने त्याचं काय केलं, हे त्या ओळीत आपोआप उलगडेल. पुण्याचा जुलै-ऑगस्ट यासाठी उत्तम आहे. भिंतींवर शेवाळाचे काळे ओघळ असतील, ते असू द्या.

पुनर्विकास थांबवावा असं मी म्हणत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला लिफ्ट हवी, गळक्या छपराखाली राहणाऱ्याला पक्कं छप्पर हवं. दुसऱ्याने गैरसोयीत राहून आपल्यासाठी वारसा जपावा, ही मागणी मला अन्यायाची वाटते. सरकारी, सार्वजनिक इमारतीचं तसं नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानातला हॉल ऑफ नेशन्स हा प्रदर्शनाचा हॉल वास्तुकार राज रेवाल आणि अभियंते महेंद्र राज यांनी 1972 साली उभा केला. पोलादाची जाळी परवडत नव्हती म्हणून तिचे सांधे न् सांधे काँक्रीटमध्ये जागेवर, हातांनी ओतले. स्वातंत्र्याच्या पंचविशीत आपण काय करू शकतो हे सांगणारी ती इमारत होती. साठ वर्षं पुरी झाली नाहीत म्हणून तिला वारशाचं संरक्षण मिळालं नाही आणि एप्रिल 2017 मध्ये ती रातोरात पाडली. ती कशी होती हे बघायला आता मदन महत्ता यांच्यासारख्या फोटोग्राफरांचे फोटो आहेत. तिथे राहणारं कोणी नव्हतं, कोणाची गैरसोय होत नव्हती. त्या पाडकामाचा मला अजून राग येतो.

मुलाला सांगा, प्रत्येक फोटोला तारीख, घर नंबर आणि दिशा लिहायची. एक संच सोसायटीच्या कार्यालयात छापील ठेवायचा. मोबाइल बदलले की फोटो जातात.

प्रश्न : आधुनिक वास्तुकलेचे 'सामाजिक आदर्श' याबद्दल तुम्ही भारावून लिहिता. गरिबांना खुराड्यांत कोंबणं हाच त्या आदर्शांचा शेवट झाला. अमेरिकेत सेंट लुईसला तर सगळी वसाहत सुरुंगाने उडवावी लागली. तो फोटो सगळं सांगतो. — एक स्थापत्य अभियंता, कोथरूड

उत्तर : तो फोटो बरंच सांगतो, पण सगळं नाही.

सेंट लुईसची ती वसाहत म्हणजे प्रुइट-आयगो : वास्तुकार मिनोरू यामासाकीने आखलेल्या 33 इमारती, प्रत्येकी 11 मजल्यांच्या, 1950च्या दशकाच्या मध्यावर लोक राहायला आले. 1972 पासून पाडायला सुरुवात झाली. मधोमध दुमडत धुरळ्यात बसणाऱ्या इमारतीचा फोटो तेव्हापासून पुस्तकांत, भाषणांत फिरतो आहे आणि आधुनिक वास्तुकलेच्या मृत्यूचा दाखला म्हणून दाखवला जातो. चौकटीबाहेर काय होतं ते बघू. बांधकामाला सरकारी पैसा होता, पण देखभाल रहिवाशांच्या भाड्यातून करायची अशी अट होती. त्याच काळात सेंट लुईसची लोकसंख्या घटत होती, कामं आणि गोरी कुटुंबं उपनगरांकडे चालली होती. घरं रिकामी पडली, भाडं आटलं, लिफ्ट आणि पाइप दुरुस्त होईनात. मग उरलेल्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांवर भाडेवाढ आली आणि 1969 साली त्यांनी भाडं न देण्याचा संप केला. मदत घेणाऱ्या घरात धडधाकट बाप राहू नये, असाही नियम होता. यातलं काय काँक्रीटने केलं? आराखड्यातही चुका होत्या. लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबे आणि मधले जिने असुरक्षित झाले. ही चूक मी झाकत नाही. पण एका स्फोटाच्या फोटोवरून सगळा दोष नकाशावर टाकला की भाड्याचं, देखभालीचं आणि वर्णभेदाचं धोरण ठरवणारे सुटतात.

तुम्ही अभियंते आहात, तुम्हाला हे पुण्यातही दिसत असणार. पुनर्वसनाच्या उंच इमारतीत लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्यावरची म्हातारी बाई घरात अडकते. लिफ्टचा खर्च महिन्याला कोण देणार, हे बांधतानाच ठरलं नसेल तर दोष आठव्या मजल्याच्या स्लॅबचा नाही.

आदर्शांवर टीका करायचीच तर चंडीगडवर करावी. तिथे सरकारी घरांचे 13 प्रकार हुद्द्यानुसार आखले गेले, वर मुख्यमंत्री आणि खाली शिपाई. समतेच्या गोष्टी करणाऱ्या शहरात माणसाची पायरी त्याच्या घरावरून ओळखू यावी, हे मला खटकतं. तरी त्याच यादीतल्या सर्वांत खालच्या घराकडे नीट पाहिलं पाहिजे. जेन ड्रू, मॅक्सवेल फ्राय आणि पियेर जानरे यांनी शिपायाच्या घरालाही दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, स्वतःचा संडास आणि न्हाणी दिली. विटांच्या जाळ्या, खोल गेलेल्या खिडक्या, आणि किंमत अगदी बेतात. 1950च्या दशकात किती शिपायांना असं घर होतं? फोटोग्राफर मात्र वर्षानुवर्षं विधानसभा आणि उच्च न्यायालयासमोरच उभे राहिले.

ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया, तिचं उदाहरण याच्या जोडीला घ्या. मार्सेल गोतेरोने नव्या राजधानीचे देखणे फोटो काढले, ते जगभर छापून आले. त्यानेच ती राजधानी बांधणाऱ्या मजुरांच्या झोपड्यांचेही फोटो काढले होते. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांनी शाकारलेल्या त्या झोपड्या फार वर्षं कोणी छापल्या नाहीत. फोटोग्राफरने पाहिलं होतं, छापणाऱ्यांना नको होतं. पुढे इवान बान हा फोटोग्राफर चंडीगड आणि ब्राझिलियाला गेला तेव्हा त्याने स्मारकांसोबत तिथलं रोजचं आयुष्यही फोटोत येऊ दिलं. मला तोच रस्ता योग्य वाटतो.

आणि सगळेच आदर्श खुराड्यात संपले नाहीत. दोशींनी 1980च्या दशकात इंदूरजवळ अरण्य वसाहत आखली. सर्वांत गरीब कुटुंबाला जोतं, संडास आणि नळ यांचा गाभा द्यायचा, पुढचं घर त्याने कमाईप्रमाणे वाढवायचं. आपल्याकडे ओटा स्कीम म्हणतात ती हीच कल्पना, निगडीला त्या नावाची वस्तीच आहे. तिथल्या गल्लीत एकदा उभे राहा. कोणी दोन मजले चढवलेत, कोणी दुकान काढलंय, कोणी अजून पत्र्यातच आहे. याला अपयश म्हणायचं की नाही, ते तिथल्या माणसांशी बोलून ठरवा.

प्रश्न : एका वास्तुकाराच्या कार्यालयासाठी मी इमारतींचे फोटो काढले. त्यांनी ते पुस्तिकेत आणि प्रदर्शनात लावले, माझं नाव कुठेच नाही. विचारलं तर म्हणाले, पैसे दिले की. माझा काही हक्क आहे का? — एक तरुण फोटोग्राफर, औंध

उत्तर : आहे. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा कॉपीराइट, करारात वेगळं ठरलं नसेल तर, काम देणाऱ्याकडे जातो. ते कलम 17. पण फोटो मी काढला असं म्हणण्याचा तुमचा हक्क कलम 57 प्रमाणे तुमच्याकडेच राहतो, कॉपीराइट विकला तरी. म्हणजे पैसे दिले हे नाव न छापण्याचं कारण होऊ शकत नाही. त्यांना लेखी पत्र पाठवा, सौम्य भाषेत, पुढच्या छपाईत नाव घालण्याची मागणी करा. पुढच्या कामाला करार करा : नाव कुठे, वापर कशासाठी, किती काळ. मसुदा एकदा वकिलाला दाखवा.

ल्युसिया मोहोली या फोटोग्राफरची हकिकत माहीत असू द्या. बाउहाउस ही जर्मनीतली कला आणि वास्तुकलेची शाळा. तिच्या देसाऊमधल्या इमारती आणि वस्तू आज आपल्याला दिसतात त्या बहुतेक तिच्या काचेच्या निगेटिव्हमधून. 1933 साली जर्मनी सोडताना तिला त्या मागे ठेवाव्या लागल्या आणि त्या शाळेचा संस्थापक वाल्टर ग्रोपियस याच्याकडे राहिल्या. ग्रोपियस अमेरिकेला गेला, 1938च्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासह अनेक ठिकाणी ते फोटो वापरले गेले, तिचं नाव न घालता. इकडे लंडनमध्ये ती समजत होती की निगेटिव्ह युद्धात नष्ट झाल्या. कायद्याचा लढा देऊन 1957 साली तिला त्यातल्या काही परत मिळाल्या. सहकार्य आणि सामूहिक निर्मिती हे ज्या शाळेचं ब्रीद, तिच्या संस्थापकाने हे केलं. आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला याच ग्रोपियसकडे शिकले आणि परत येऊन देशभर संस्था उभारल्या, म्हणजे ग्रोपियसचं ऋण आपल्यावरही आहे. तरी मोहोलीचं नाव घेतल्याशिवाय मी बाउहाउसचा फोटो वर्गात दाखवत नाही.

प्रश्न : पुण्यात सराव कुठे करावा? परवानगी लागते का? — कर्वेनगरहून दोन मैत्रिणी

उत्तर : आयुकाला, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राला जा. चार्ल्स कोरिया यांची ही वास्तू विद्यापीठाच्या आवारात आहे. जयंत नारळीकरांना देशभरच्या विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी सामायिक केंद्र उभं करायचं होतं, लहान गावच्या प्राध्यापकालाही इथे येऊन काम करता यावं म्हणून. कोरियांनी त्याला मधला मोकळा चौक दिला, कुंडासारख्या पायऱ्या, आणि तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे. कोणी कोणाच्या वर बसलेलं नाही. फोटो काढताना पुतळ्यांपेक्षा चौकाकडे लक्ष द्या, माणसं कुठून येतात आणि कुठे थांबतात.

भिंतींचा काळा बेसॉल्ट कॅमेऱ्याला फसवतो. तो काळ्याला राखाडी करायला बघतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप कमी ठेवा, म्हणजे उजेड निम्मा. पांढऱ्या भिंतीला उलट, एक स्टॉप जास्त. पावसानंतर लगेच गेलात तर दगड आणखी काळा होतो आणि आभाळ त्यात उतरतं.

परवानगीचं असं : इमारतीचा फोटो काढणं किंवा छापणं हा तिच्या कॉपीराइटचा भंग नाही, कलम 52 तसं स्पष्ट सांगतं. पण आवारात शिरायला मालकाची परवानगी लागते आणि लोकांच्या घरात, खिडकीत लेन्स रोखायला त्या लोकांची. लष्करी आवारांत आणि त्यांच्या भिंतींजवळ कॅमेरा काढूच नका, खडकी आणि कॅम्पच्या बाजूला पाट्या वाचत चला. आयुकाला एरवी आधी विचारून जावं लागतं. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, दारं सर्वांना उघडी असतात. त्या दिवशी शाळेची मुलं चौकभर असतात, पायऱ्यांवर डबे उघडलेले असतात. सकाळी लवकर पोचा, पन्नास मिलिमीटरची लेन्स पुरे, आणि गर्दी हटायची वाट बघू नका.